मोहीची धावपटू, भूलोकमल्ल राजा आणि दुखरी मांडी

१५ ऑगस्ट २०१६. रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी. माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर ९ मिनिटे २२.७४ सेकंदांत दहावी आली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ट्रॅकवरील वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचलेली ती पहिली भारतीय महिला.

या शर्यतीत २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या असतात. प्रत्येक उडीनंतर पाय टेकताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो आणि इजा बहुधा अशाच क्षणी होते. माणदेशातील टेकडी उतरून पाहा. दम चढावर लागतो, मांड्या मात्र दुसऱ्या दिवशी उताराने दुखतात.

हे दुखणे जुनेच. सुश्रुतसंहितेने व्यायामाची मर्यादा आपल्या बळाच्या निम्म्यावर आखली. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, बिरुद ‘भूलोकमल्ल’, याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांच्या आहाराचा आणि सरावाचा विचार आहे. वजन उचलणे, चालणे, पोहणे, खांबावरची मेहनत असे श्रम त्यात वेगवेगळे सांगितले आहेत. राजाच्या ग्रंथात मल्लांना इतकी जागा मिळावी, हे मला विलक्षण वाटते.

दुखण्याचे कारण शोधण्याचा प्रयोगशाळेतील प्रयत्न १९०२ मध्ये अमेरिकेत झाला. थिओडोर हफ यांनी बोटाच्या स्नायूंकडून मेहनत करून घेतली आणि उशिरा येणारी वेदना स्नायूच्या आतील सूक्ष्म फाटण्यामुळे असावी, असे मत मांडले. तरीही पुढे दोष लॅक्टिक आम्लाच्या माथी बसला. ते आम्ल तासाभरात निवळते; वेदना एक-दोन दिवसांनी टोक गाठते. एवढी विसंगती पुरेशी होती, पण तालमीत आणि जिममध्ये ही समजूत अजून सुखाने नांदते.

उपचारांचा इतिहासही वळणावळणाचा. १९७८ मध्ये गेब मिर्किन यांनी विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंच ठेवणे ही चौकडी रूढ केली. २०१४ मध्ये त्यांनीच बर्फाबद्दलचे मत बदलले. आज बर्फ वेदनेपुरता वापरतात. धावताना ‘कट्’ झाले असेल, तर पहिले दोन-तीन दिवस जोरकस मालीश आणि शेक टाळावा. आपल्याकडे नेमके तेच आधी होते. नंतर हालचाल आणि भार हळूहळू वाढवावा. पूर्ण अंथरूण धरल्यास स्नायू दुबळा होतो.

पोलीस भरतीच्या तयारीत एका दिवसात शेकडो बैठका मारणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. अंग सुजून लघवी चहासारखी गडद झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. १९४१ मध्ये, लंडनवरील बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली चिरडलेल्या माणसांची मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे बायवॉटर्स आणि बील यांनी नोंदवले. तुटलेल्या स्नायूंतील द्रव्ये रक्तात उतरत होती. अतिरेकी बैठकांनंतरही तेच घडू शकते.