एकवीस अक्षरांची एसटी

आमच्या बिरवाडीच्या घराचा माळा दर मे महिन्यात साफ होतो. पाऊस सुरू व्हायच्या आत कौलं बघायची असतात, त्या निमित्ताने. २०२२ च्या मेमध्ये हे काम माझ्याकडे आलं. जुन्या घमेल्यांच्या आणि मोडक्या पाळण्याच्या मागे थर्माकोलचा एक खोका होता. त्यात काळ्या प्लास्टिकचा एक जाड कीबोर्ड, वायरींचं भेंडोळं आणि एक कॅसेट.

खाली येऊन काकांना दाखवला. ते म्हणाले, "अरे, हा कीबोर्ड नाही, अख्खा कॉम्प्युटर आहे. टीव्हीला लावायचा. मी यावर मराठी लिहिलं होतं, अठ्ठ्याऐंशी साली."

माझा विश्वास बसला नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. कॉम्प्युटरवरच्या मराठीचा इतिहास मला एवढाच माहीत होता: आधी सी-डॅक, मग युनिकोड, मग आपले फोन. या रांगेत बिरवाडीच्या माळ्यावरच्या खोक्याला कुठे जागा द्यायची?

काकांनी कॅसेट उलटसुलट करून बघितली. बाकीच्या कॅसेटी आणि मशीनचं पुस्तक महाडला आत्याकडे होतं. जुलै २०२१ मध्ये सावित्रीचं पाणी महाडात शिरलं, तेव्हा तिच्या घरातलं जे गेलं त्यात तेही गेलं. उरली ती ही एक. त्यावर निळ्या पेनाने लिहिलं होतं: 'एसटी'.

पुण्याचा स्पेक्ट्रम

खोक्यातलं यंत्र होतं डीबी स्पेक्ट्रम प्लस. त्याचं मूळ इंग्लंडात. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम बाजारात आणला. १६ केबी मेमरीचा १२५ पौंडांना, ४८ केबीचा १७५ पौंडांना. आत झेड-८० प्रोसेसर, वेग साडेतीन मेगाहर्ट्‌झ. पडदा नाही, डिस्क नाही. पडदा म्हणजे घरातला टीव्ही आणि डिस्क म्हणजे घरातला टेपरेकॉर्डर. म्हणून तो स्वस्त होता आणि म्हणून तो घराघरांत गेला. १९८४ मध्ये त्याची बऱ्या कीबोर्डची आवृत्ती आली, स्पेक्ट्रम प्लस. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन तीच भारतात आणली.

वेळ चांगली साधली होती. १९८२ च्या एशियाडच्या आगेमागे रंगीत टीव्ही आले होते. नोव्हेंबर १९८४ मध्ये राजीव गांधी सरकारने नवं कॉम्प्युटर धोरण जाहीर केलं, आयातीची बंधनं सैल झाली. त्याच सुमाराला सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून काही शाळांत बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश कॉम्प्युटर पोचायला लागले. डीबी स्पेक्ट्रम काही हजार विकले गेले. १९९० च्या आसपास मात्र त्याचा बाजार आटला.

का आटला, याचं माझं उत्तर असं. आपल्याकडे कॉम्प्युटर घरात येण्याआधी क्लासमध्ये आला. एनआयआयटी १९८१ पासून होती, १९८६ मध्ये ॲप्टेक सुरू झाली. तिथे चपला बाहेर काढून एसी खोलीत जायचं, ऑफिसातल्यासारख्या पीसीवर शिकायचं आणि सर्टिफिकेट घ्यायचं. नोकरी त्या सर्टिफिकेटला होती. टीव्हीला जोडायच्या खेळण्याला कोण विचारणार? पुढे एमएस-सीआयटी आलं, मग थेट स्मार्टफोन. घरी बसून, कुणी न शिकवता, कॉम्प्युटरला काहीबाही करायला लावायचे दिवस आपल्याकडे चार-पाच वर्षंच टिकले, तेही थोड्याच घरांत.

काका त्यातले एक. पुण्याला इंजिनिअरिंगला होते, वर्गातल्या मुलाकडून सेकंडहँड घेतला. टीव्ही घरमालकांचा. रविवारी सकाळी 'रामायण' असायचं, तेव्हा वायर काढून ठेवायची.

आधी प्लग लावायचा नाही

जुनं यंत्र सापडलं की हात शिवशिवतात, पण पहिला नियम हाच: प्लग लावायचा नाही. पस्तीस वर्षांत पॉवर सप्लायमधले कपॅसिटर वाळलेले असतात. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट लागतात आणि त्याच्या पिनेत मधला भाग ऋण असतो, हल्लीच्या बहुतेक ॲडॉप्टरच्या उलट. हाताला येईल तो ॲडॉप्टर लावला तर खेळ तिथेच संपू शकतो.

पाच स्क्रू काढून उघडला. कोकणातल्या दमटपणाने धातूच्या कडांना गंज धरला होता. कीबोर्डखालची प्लास्टिकची पातळ पट्टी, जिच्यावरून प्रत्येक बटणाचा सिग्नल जातो, हात लावताच पापडासारखी तुटली. ही पट्टी सगळ्याच स्पेक्ट्रममध्ये अशीच तुटते. नवीन बनवून विकणारे लोक जगात आहेत, तिच्यासाठी तीन आठवडे थांबलो. कपॅसिटर पुण्याच्या तापकीर गल्लीत मिळाले. दुकानदाराने विचारलं, "कुठल्या ॲम्प्लिफायरला?" मी खरं सांगितलं, तेव्हा त्याने चहा मागवला.

कपॅसिटर बदलून, टीव्हीची जोडणी आजच्या टीव्हीला चालेल अशी करून सुरू केला. पडद्यावर रंगीत चौकोनांचा कचरा. हे मेमरीचं दुखणं. स्पेक्ट्रमच्या खालच्या १६ केबीसाठी आठ चिप असतात आणि त्यांना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात: अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५. हे व्होल्टेज बनवणाऱ्या भागातला एक छोटा ट्रान्झिस्टर जातो, उणे ५ बंद होतं आणि चिप मरायला लागतात. माझ्याकडे ट्रान्झिस्टर आणि दोन चिप गेल्या होत्या. त्या बदलल्यावर पांढऱ्या पडद्यावर तळाशी एक ओळ आली: सिंक्लेअर रिसर्च, १९८२.

आनंद दहा मिनिटं टिकला. मेमरी कुठपर्यंत आहे, हे स्पेक्ट्रम सुरू होताना स्वतःच तपासतो. त्याला विचारलं. ६५५३५ यायला हवं होतं, आलं ३२७६७. म्हणजे वरचे ३२ केबी त्याच्या लेखी नव्हतेच.

यातला बिघाड शोधायची पद्धत मला फार आवडली. वरच्या मेमरीतल्या एका घरात २५५ ठेवायचे आणि लगेच परत वाचायचे. मला २५१ मिळाले. चार कमी. दुसऱ्या घरात तेच, तिसऱ्यात तेच. एका बाइटमध्ये आठ बिट आणि वरच्या मेमरीत चिपही आठ, प्रत्येक चिपकडे एकेक बिट. चार कमी म्हणजे उजवीकडून तिसरा बिट, म्हणजे ती एकच चिप. आज माझ्या ऑफिसात सर्व्हर बिघडला तर तो कुठल्या देशात आहे हेही मला ठाऊक नसतं.

त्या चिपचीही एक गंमत आहे. ६४ किलोबिटच्या चिप बनवताना ज्यांचा अर्धा भाग सदोष निघायचा, त्या ३२ किलोबिटच्या म्हणून स्वस्तात विकल्या जायच्या. सिंक्लेअरने त्याच वापरल्या. तशी चिप आता मिळणं कठीण, पण पूर्ण ६४ ची चालते. ती एका भंगार बोर्डावरून काढली. ६५५३५ आले.

कॅसेट

स्पेक्ट्रमचा प्रोग्राम म्हणजे आवाज असतो. मोठी शिट्टी, मग किरकिर. कॅसेट वाजवायची आणि कॉम्प्युटरने तो आवाज ऐकून मेमरी भरायची. ४८ केबी भरायला साधारण पाच मिनिटं लागतात. व्हॉट्सॲपवर येणारा सुप्रभातचा एक फोटोसुद्धा अनेकदा याहून मोठा असतो. आज यासाठी टेपरेकॉर्डर लागतही नाही. आवाजाची फाइल फोनमध्ये घ्यायची, हेडफोनची वायर स्पेक्ट्रमच्या भोकात खुपसायची, आवाज पूर्ण वाढवायचा. इंटरनेटवरून घेतलेला एक खेळ मी असाच चालवला.

काकांची कॅसेट मात्र एकच होती आणि पुन्हापुन्हा वाजवून बघायची माझी छाती नव्हती. जुन्या फितीवरचा थर प्रत्येक वेळी थोडा झडतो. आधी कॅसेटच्या आतला निखळलेला फेल्टचा तुकडा बसवला. टेपरेकॉर्डरचा पट्टा विरघळून डांबर झाला होता, तो बदलला. मग एकदाच पूर्ण वाजवून लॅपटॉपवर रेकॉर्ड केली. स्पेक्ट्रमला ऐकवली तर टेप लोडिंग एरर. रेकॉर्डिंग बोदं होतं. ज्या रेकॉर्डरवर काकांनी भरलं, त्याच्या हेडचा कोन माझ्या रेकॉर्डरपेक्षा वेगळा होता. हेडशेजारचा बारीक स्क्रू फिरवत आवाज धारदार होईपर्यंत ऐकत राहायचं, हा त्यावरचा उपाय. म्हणजे आणखी एकदा वाजवणं आलं. काकांना विचारलं. ते म्हणाले, "माळ्यावर ठेवून तरी काय होणार आहे?"

दुसरं रेकॉर्डिंग स्वच्छ आलं.

आता हे लॅपटॉपवरच्या एम्युलेटरमध्ये मला तिथेच बघता आलं असतं. मी बघितलं नाही. काकांना बोलावलं, स्पेक्ट्रमसमोर बसवलं. ते चष्मा लावायच्या आधीच बोटं हलली: एक बटण, मग दोन बटणं एकत्र, दोनदा. स्पेक्ट्रमवर शब्द टाइप करायचे नसतात, एका बटणावर अख्खी आज्ञा असते. चौतीस वर्षांनी त्यांनी ती न बघता दिली. कुठल्याच एम्युलेटरमध्ये ही बोटं साठवलेली नाहीत.

एकवीस घरं

काळ्या पडद्यावर डावीकडून एक लाल एसटी आली. ठोकळ्यांची, चाकं चौकोनी. कपाळावर पाटी. पाटीवर देवनागरीत: महाड.

काका वरंध घाटातून गावी यायचे. या वाटेने बिरवाडी महाडच्या आधी लागते. पडद्याच्या मध्यावर एसटी थांबली, खाली अक्षरं उमटली: बिरवाडी. आणि प्रोग्राम संपला.

हे कसं केलं असेल, ते मी रात्री ओळीओळीने वाचलं. स्पेक्ट्रममध्ये वापरणाऱ्याने स्वतः काढायच्या चिन्हांसाठी जागा असते. चिन्हं एकवीस. प्रत्येक चिन्ह आठ बाय आठ ठिपक्यांचं, म्हणजे आठ बाइट. एकूण १६८ बाइट, मेमरीच्या अगदी शेवटच्या टोकाला, ६५३६८ पासून ६५५३५ पर्यंत. काकांची मराठी तिथे राहत होती. ती एक चिप बदलली नसती तर तिला उतरायला जागाच नव्हती.

काकांनी चौकडीच्या कागदावर अक्षरं काढली होती. शिरोरेषा सर्वांत वर ठेवली तर वेलांटीला जागा उरत नाही, म्हणून ती तिसऱ्या ओळीत. अक्षराला खाली पाचच ओळी. शिरोरेषेचे आठही ठिपके भरले की शेजारच्या अक्षराची रेषा आपोआप जुळते. काना, पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी ही तीन वेगळी चिन्हं. उकार नाही, मात्रा नाही, जोडाक्षर नाही. उरलेल्या अठरा घरांत अ, क, ग, ज, ट, ड, त, द, न, प, ब, म, य, र, ल, व, स, ह.

एवढ्यात काय लिहिता येतं? रायगड येतं. बाबा येतं, आई येत नाही. पुणे येत नाही. म्हणून एसटी जिथून सुटते तिथलं नाव पडद्यावर नाही. आणि ठ नसल्यामुळे मराठी हा शब्दही येत नाही.

त्याच १९८८ मध्ये पुण्यातच सी-डॅकची स्थापना झाली. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्टचं काम पुढे तिथेच वाढलं, पीसीत बसवायची कार्डं आली, आणि १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक ठरलं. त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती. आज आपण फोनवर ळ लिहितो तो या वाटेने आलेला आहे. काकांना यातलं काही माहीत नव्हतं. शिक्षण संपलं, महाडच्या एमआयडीसीत नोकरी लागली, स्पेक्ट्रम माळ्यावर गेला.

"एकवीस संपली, मग सोडून दिलं," ते म्हणाले.

खरं तर संपली नव्हती. ही चिन्हं कुठून वाचायची, तो पत्ता २३६७५ आणि २३६७६ या दोन घरांत लिहिलेला असतो. तो बदलला की आणखी एकवीस मिळतात. हे मी काकांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग आतून नातवाची गणिताची वही आणि पेन्सिल घेऊन आले आणि आठ बाय आठची चौकट आखली.

पहिलं अक्षर त्यांनी ठ काढलं. तिसऱ्या ओळीत शिरोरेषा, मधोमध एक ठिपका, खाली पोकळ गोल. आठ आकडे झाले. मी टाइप करत गेलो, ते वहीतून सांगत गेले.