लंडनच्या तटाचे अवशेष

लंडन शहराला एके काळीं तटबंदी होती, हें त्या शहराच्या मध्यभागांतून फिरतांना सहसा ध्यानांत येत नाहीं. पण तिच्या वेशींचीं नांवें तुमच्या कानांवरून गेलेलीं आहेत. लडगेट, न्यूगेट, बिशप्सगेट, आल्डगेट, मूरगेट हीं आज रस्त्यांचीं व पेठांचीं नांवें आहेत. पूर्वीं हे दरवाजे होते आणि रात्रीं ते बंद होत. हाउंड्सडिच हा रस्ता तर तटाबाहेरील खंदकाच्याच वाटेनें जातो.

हा तट मूळचा रोमन लोकांचा. इ. स. २०० च्या सुमारास केंट परगण्यांतून दगड आणून त्यांनीं तो जमिनीच्या बाजूनें सुमारें दोन मैल बांधला. मध्ययुगांत त्याच पायावर तो उंच करण्यांत आला व पश्चिमेकडे नवे बुरूज जोडले गेले. १४७७ सालीं राल्फ जॉसलिन या मेयरनें त्याच्या माथ्यावर विटांच्या चर्या चढविल्या. सेंट आल्फेजच्या बागेंत त्या आजहि दिसतात. टॉवर हिलजवळ तट सुमारें ३५ फूट उंच उभा आहे. खालीं चपट्या लाल विटांचे थर घातलेलें रोमन काम आणि वर मध्ययुगीन ओबडधोबड बांधणी, असे दोन काळ तेथें एकाच भिंतींत वाचतां येतात.

मग बाकीचा तट गेला कोठें? शत्रूनें तो पाडला नाहीं. व्यापार वाढला, गाड्यांची गर्दी झाली आणि वेशी अडचणीच्या वाटूं लागल्या. ज्या आल्डगेटच्या माथ्यावरील घर १३७४ सालीं चॉसर कवीला राहावयास मिळालें होतें, तो दरवाजा, तसेच लडगेट व क्रिपलगेट, १७६० आणि १७६१ या दोन वर्षांत नाहींसे झाले. लडगेटवरील एलिझाबेथ राणीचा पुतळा मात्र फ्लीट स्ट्रीटवरील सेंट डन्स्टन चर्चमध्यें अजून आहे.

वेस वाटेंत येई, म्हणून ती गेली. भिंत मात्र लोकांच्या उपयोगीं पडली. कोणी तिला वखारीची मागची बाजू केली, तर कोणी तिच्यावर घराचा भार टाकला. जतन करण्याची कोणाला हौस नव्हती. पण आयती भक्कम भिंत पाडून नवी बांधण्याचा खर्च कोण करणार? जें काम इतिहासप्रेमानें झालें नाहीं, तें काटकसरीनें केलें.

२९ डिसेंबर १९४० च्या रात्रीं जर्मन विमानांनीं आगीचे बाँब टाकले व क्रिपलगेटचा भाग जळून गेला. वखारी कोसळल्या, आणि त्यांच्या पोटांत दडलेला तट उघडा पडला. युद्धानंतर ग्राइम्स या संशोधकानें तेथें उत्खनन केलें. तटाला त्या ठिकाणीं विचित्र कोपरा कां आहे, हें कोडें तेव्हां सुटलें: तेथें इ. स. १२० च्या सुमारचा एक रोमन किल्ला होता आणि त्याच्या दोन भिंती पुढें नगराच्या तटांत सामावून घेतल्या होत्या.

आज त्या अवशेषांना कायद्याचें संरक्षण आहे. परंतु एवढें कळण्यासाठीं नगराचा एक भाग भस्म व्हावा लागला, ही किंमत थोडी नव्हे. जुन्या गांवांत नवें घर उठवितांना मागची भिंत कोणाची व केव्हांची, एवढें पहार घालण्यापूर्वीं विचारलें, तर पुष्कळ ज्ञान आगीवांचूनहि हातीं लागेल.