हजार पुरुषांमागे किती स्त्रिया?

भूगोलाच्या पुस्तकात जिल्ह्यांचे एक कोष्टक असते. डावीकडे जिल्ह्यांची नावे, पुढे लोकसंख्या, घनता, साक्षरता आणि बहुधा शेवटच्या रकान्यात स्त्री-पुरुष प्रमाण, म्हणजे दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रासाठी हा आकडा ९२९ होता. रत्नागिरी जिल्ह्यासाठी तो ११२२, सिंधुदुर्गासाठी १०३६ आणि मुंबई शहर जिल्ह्यासाठी ८३२ होता.

हा रकाना वर्गात वाचून दाखवला की विद्यार्थी दोन निष्कर्ष हमखास काढतात. रत्नागिरीत मुली जास्त जन्माला येतात, हा पहिला. तिथे मुलींची काळजी अधिक घेतली जाते, हा दुसरा. दोन्ही निष्कर्ष ऐकायला बरे वाटतात. पण विज्ञानाची सवय अशी की, उत्तर आवडले म्हणून ते स्वीकारायचे नाही, आधी तपासायचे. त्याच जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींचे प्रमाण वेगळे दिले आहे. रत्नागिरीत ते ९३६ आहे, म्हणजे लहान वयात मुलगेच जास्त आहेत. मग मोठ्या वयात स्त्रिया इतक्या वाढतात कशा? स्त्रियांचे आयुर्मान थोडे अधिक असते हे खरे, पण एवढा फरक त्याने पडत नाही. स्त्रिया वाढलेल्या नाहीत. पुरुष मोजायला हजर नाहीत.

किती पुरुष हजर नाहीत, याचा अंदाज सातवीतला विद्यार्थीही करू शकेल. एका भागात हजार स्त्रिया आणि हजार पुरुष आहेत असे समजू. त्यांतले शंभर पुरुष कामासाठी बाहेर गेले. उरले ९००. आता हजार पुरुषांमागे स्त्रिया किती? १०००ला ९००ने भागून हजाराने गुणले की ११११ येतात. रत्नागिरीच्या आकड्याच्या आपण अगदी जवळ आलो. प्रत्यक्षात २०११ मध्ये जिल्ह्यात ८,५३,९४८ स्त्रिया आणि ७,६१,१२१ पुरुष मोजले गेले. फरक सुमारे ९३ हजारांचा. हे पुरुष कुठे गेले, हे शोधायचे तर रत्नागिरीचे कोष्टक मिटून परळ-लालबागकडे यावे लागते.

डोंगर, जांभा आणि खोत

आधी जिल्हा कसा आहे ते पाहू. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत रत्नागिरी हा मंडणगडापासून गोव्याच्या सीमेपर्यंत पसरलेला एकच जिल्हा होता. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, पश्चिमेला समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत डोंगर, खाड्या आणि जांभ्या दगडाचे सडे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत पडतो आणि उतारावरून वाहून जातो. भाताची जमीन नदी-ओढ्यांच्या काठाला थोडीशी. बाकी वरकस जमीन, तिच्यावर नाचणी आणि वरी. पीक एकच. दिवाळीच्या सुमारास कापणी झाली की जूनपर्यंत शेतात फारसे काम नाही.

या जमिनीवर राहणारा समाज एकजिनसी नव्हता. कुणबी आणि मराठा शेतकरी, भंडारी, किनाऱ्यावरचे खारवी, गाबीत आणि दालदी, डोंगरमाथ्यावरचे गवळी-धनगर, महार, कोकणी मुसलमान, चित्पावन आणि कऱ्हाडे ब्राह्मण असे अनेक समाज इथे होते. त्यांच्यावर खोतीची पद्धत होती. गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा खोत कुळांकडून पिकाचा मोठा वाटा घेई. खोतीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. प्रत्यक्ष कायदा मात्र १९४९ मध्ये झाला.

तोपर्यंत कुळापुढे वाट एकच होती. एकच पीक, त्यातला वाटा खोताला आणि सात-आठ महिने हाताला काम नाही. समुद्रमार्गाने मुंबई जवळ होती. १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या रत्नागिरी-सावंतवाडी खंडातही कामासाठी मुंबईला जाणाऱ्या लोकांची दखल घेतलेली आहे.

शहराचा आकडा

मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची कंपनी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. पुढल्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा भाग गिरणगाव झाला. कामगार सातारा, सांगली, कोल्हापूरकडून घाट उतरून आले आणि त्याहून अधिक कोकणातून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांतले जवळजवळ निम्मे कामगार एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातले होते.

आज ऐकून आश्चर्य वाटेल, पण १९०१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ११ लाख ६८ हजार होती आणि मुंबई शहराची ७ लाख ७६ हजार. (१८९६ मध्ये आलेल्या प्लेगने शहराची वस्ती त्या वेळी घटलेली होती, हेही ध्यानात ठेवायला हवे.) १९२१ मध्ये मुंबईची वस्ती पावणेबारा लाखांवर पोहोचली. त्यांतले सुमारे १६ टक्केच लोक मुंबईत जन्मलेले होते आणि सुमारे पाचवा हिस्सा रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला होता. त्या वर्षी शहरात दर हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या सुमारे ५२५. म्हणजे रस्त्यात भेटणाऱ्या तीन माणसांपैकी दोन पुरुष.

दोन्ही कोष्टके शेजारी ठेवली की ती एकमेकांची पुरवणी आहेत हे दिसते. एकातली तूट ही दुसऱ्यातली भर आहे. अर्थात हा हिशेब पैपैचा जुळणार नाही, कारण मुंबईत गुजरात, उत्तर प्रदेश आणि दख्खनमधूनही पुरुष येत होते, आणि कोकणातले पुरुष सैन्यात आणि जहाजांवरही जात होते. पण दिशा स्पष्ट आहे.

यात मोजणीच्या रीतीचाही भाग आहे. १९३१ पर्यंत भारतात जनगणनेची अखेरची मोजणी एका ठरलेल्या रात्री होई. माणूस त्या रात्री जिथे सापडेल तिथे त्याची नोंद. ही रात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये येई, आणि त्या दिवसांत कोकणात शेतीचे काम नसते. हीच मोजणी पेरणीच्या किंवा गणपतीच्या दिवसांत झाली असती, तर चाकरमान्यांपैकी बरेच जण गावच्या रकान्यात गेले असते. मोजमाप केव्हा केले यावर उत्तर अवलंबून असते, हे प्रयोगशाळेत आम्ही रोज अनुभवतो. समाजाच्या मोजमापालाही तो नियम लागू आहे.

बायका गावी का राहिल्या?

पुरुष गेले ते समजले. कुटुंब बरोबर का गेले नाही? तीन कारणे दिसतात.

पहिले कारण खोली. परळ-लालबागच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली एका कामगाराच्या पगारात परवडत नसे. मग एका गावचे वीस-पंचवीस पुरुष मिळून एक खोली घेत. सगळे एकाच पाळीला कामावर नसत. रात्रपाळीचा माणूस परतला की दिवसपाळीच्या माणसाने गुंडाळलेल्या वळकटीच्या जागी तो आपली वळकटी पसरी. अशा गावकीच्या खोल्या गिरगावातही होत्या. विकास खात्याने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे २०७ चाळी बांधल्या. त्यांतली खोलीही साधारण १६० चौरस फुटांचीच होती.

दुसरे कारण काम. १९२० च्या दशकात गिरणी कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता, पण त्यांना मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग या कमी पगाराच्या खात्यांत घेत. पुढे त्यांचे प्रमाण घटतच गेले.

तिसरे आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे गाव हाच कामगाराचा विमा होता. आजारपण, बेकारी, म्हातारपण यांसाठी गिरणीत त्या काळी कोणतीच तरतूद नव्हती. १९२८ चा सार्वत्रिक संप सुमारे सहा महिने टिकला, कारण हजारो कामगार गावी जाऊ शकले. तिथे भात होते, आणि ते भात पिकवायला बायका होत्या. भाजावळ, लावणी, बेणणी, कापणी, गुरे, म्हातारी माणसे आणि मुले हे सगळे सांभाळणाऱ्या स्त्रीचे काम जनगणनेच्या व्यवसायाच्या रकान्यात नीट कधी उतरले नाही. सातबारा बहुधा मुंबईत असलेल्या पुरुषाच्या नावाने. मुंबईहून येणारी मनीऑर्डर पोस्टाच्या वहीत नोंदली जाई, पण गावातून गिरणीकडे जाणारी ही मदत कोणत्याच वहीत नव्हती. गिरणीमालकाला कमी पगारात माणूस मिळत होता, कारण त्याच्या कुटुंबाचा अर्धा खर्च कोकणातली स्त्री आपल्या श्रमाने भागवत होती.

शहरातही पुरुषांना जेवू घालणाऱ्या स्त्रिया होत्या. गिरणगावातल्या खाणावळी बहुतेक त्याच चालवत. त्यांना सावकाराच्या व्याजातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले.

गाव बरोबर येते

स्थलांतराने माणूस बदलतो, पण गावातले भेद बोटीत बसून त्याच्याबरोबर येतात. लिहिता-वाचता येणारे ब्राह्मण गिरगावात कारकून, शिक्षक झाले. कुणबी आणि मराठे गिरण्यांत गेले. अस्पृश्य मानलेल्या कामगारांना जास्त पगाराच्या विणकाम खात्यात घेत नसत, कारण धोट्यात नवी कांडी बसवताना सूत तोंडाने ओढावे लागे आणि इतर कामगारांना तो विटाळ वाटे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न जाहीरपणे उभा केला. त्यांचे स्वतःचे कुटुंब मूळचे मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे. ते स्वतः परळच्या पोयबावडीजवळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत सुमारे दोन दशके राहिले. ‘डोंगराळ जिल्ह्याचा समाज’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्या समाजाचा एक मोठा तुकडा डोंगरात नसून चाळीत होता, हे विसरून चालत नाही.

हे एकट्या कोकणाचे वैशिष्ट्य नाही. १८८५ मध्ये इ. जी. रेव्हनस्टाइन यांनी ब्रिटनच्या जनगणनेवरून स्थलांतराचे काही नियम मांडले. जवळच्या स्थलांतरात स्त्रिया अधिक असतात आणि लांबच्या स्थलांतरात पुरुष, हे त्यांचे एक निरीक्षण. उत्तराखंडातील अल्मोडा या डोंगराळ जिल्ह्यात २०११ मध्ये हे प्रमाण ११३९ होते. तिथले पुरुष सैन्यात आणि मैदानी शहरांत जातात. डोंगर वेगळा, गणित तेच.

आकडा उतरू लागला

आता अलीकडचा भाग. रत्नागिरीचे प्रमाण १९९१ मध्ये १२०५ होते. २००१ मध्ये ते ११३६ झाले आणि २०११ मध्ये ११२२. याच वीस वर्षांत मुंबई शहराचे प्रमाण ७९१ वरून ८३२ वर आले. म्हणजे दोन्ही टोके हळूहळू मध्याकडे सरकत आहेत.

यामागे गिरण्यांची अखेर आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे उभे राहिले. काही कामगार गावी परतले. अनेकांची पुढची पिढी बायका-मुलांसह विरार, डोंबिवली, बदलापूरकडे गेली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि ये-जा सोपी झाली. आता पुरुष एकटा जात नाही, कुटुंब जाते.

याचा पुरावा लोकसंख्येच्या रकान्यात सापडतो. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राच्या ३५ जिल्ह्यांपैकी तीनच जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. रत्नागिरी सुमारे ८२ हजारांनी, सिंधुदुर्ग सुमारे १९ हजारांनी आणि तिसरा जिल्हा मुंबई शहर, सुमारे अडीच लाखांनी. जो जिल्हा माणसे पाठवत होता तो आणि ज्या भागाने ती घेतली तो, दोन्ही एकाच दशकात रिकामे होऊ लागले. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा मात्र ३६ टक्क्यांनी वाढला.

म्हणून स्त्री-पुरुष प्रमाण १२०५ वरून ११२२ वर आले, ही ‘सुधारणा’ आहे की ‘घसरण’, असा प्रश्न परीक्षेत विचारू नये. कुटुंबे एकत्र राहू लागली असतील तर ते चांगलेच आहे. पण ती एकत्र राहतात ती गाव सोडून. मागे उरतात म्हातारी माणसे, पडीक वरकस आणि पट कमी झाल्यामुळे बंद होण्याच्या भीतीत असलेल्या शाळा. आकडा एकच, अर्थ दोन.

वर्गात करून पाहण्यासारखे

पुढील जनगणनेची तारीख १ मार्च २०२७ अशी सरकारने जून २०२५ मध्ये जाहीर केली. या निमित्ताने शिक्षकांनी वर्गात एक छोटी गणना करावी असे आम्ही सुचवतो. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या आजी-आजोबांचे आणि आई-वडिलांचे जन्मस्थान, ते गाव सोडून केव्हा आले, एकटे आले की कुटुंबासह, आणि कशासाठी आले, एवढे चार प्रश्न घरी विचारावेत. जनगणनेतही जन्मस्थान विचारतात, १९७१ पासून आधीच्या राहण्याचे ठिकाणही विचारतात. आपण त्यात पाचवा प्रश्न घालावा: जो गेला त्याच्या मागे शेत कोणी केले?

दादर-परळच्या शाळेने आणि संगमेश्वर-राजापूरच्या शाळेने आपापली उत्तरे पत्राने एकमेकांना पाठवली, तर फारच छान. दोन्ही वह्या शेजारी ठेवून बेरीज केली की विद्यार्थ्यांना स्वतःच कळेल की, जिल्ह्याची सीमा नकाशावर असते. कुटुंबे त्या सीमेने मोजता येत नाहीत.