गारपिटीचे वण

मैत्रिणींनो, 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आपण वाशीमकर विसरलो नाही. विदर्भात संत्र्याच्या फांद्या सोलून निघाल्या होत्या. पण झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरत नाही. अमेरिकेतल्या अलेक्स शिगोंनी हजारो झाडं चिरून पाहिली आणि 1977 साली मांडलं : झाड कुजका भाग आतच कोंडतं, कडेकडेने नवं लाकूड वळवून जखम झाकतं. आतला वण राहतोच. वरून लेप थापून कूज थांबत नाही, असंही ते सांगत. आपण तर शेणमाती थापत आलो!

एप्रिल 2023 मध्ये शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारसला वादळात जुना कडुनिंब देवळाच्या टिनशेडवर कोसळला. 7 जणांचा जीव गेला. देवळापुढचं, अंगणवाडीजवळचं झाड हिरवंगार दिसलं तरी पावसाळ्याआधी आपण खोड ठोकून पाहू. पोकळ वाजलं, तर ग्रामपंचायतीत लेखी देऊ.