अर्धा इंच माया

बाजाराची पिशवी शिवायला शिंप्याकडे कोणी जात नसे. जुन्या पँटचा पाय किंवा हातभर मांजरपाट एवढ्यावर भागे. वर्तमानपत्राचा कागद कापून माप करायचे, ते दुमडलेल्या कापडावर ठेवायचे आणि कडेने अर्धा इंच जास्त सोडून कापड बेतायचे. या जास्तीच्या कापडाला आपल्याकडे ‘माया’ म्हणतात. माया असली की उसवलेली पिशवी पुन्हा शिवता येते. मग दोन्ही बाजूंना टीप, तोंडाला दुमड आणि बंदांच्या टोकांवर फुलीची शिवण.

गंमत पाहा. स्टेन गुस्ताफ थुलीन या स्वीडिश अभियंत्याच्या ज्या प्लास्टिकच्या पिशवीला १९६५ साली अमेरिकेत पेटंट मिळाले, तीही दिसायला अशीच साधी. प्लास्टिकची चपटी नळी दुमडायची, वरखाली तापवून चिकटवायची, बंदांचा आकार कापून काढायचा. सुई गेली, दोरा गेला. मायेचे तर नावच नको! पण वाण्याकडे अशी पिशवी फुकट मिळू लागल्यावर घरी कोण शिवणार?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, मुंबई बुडाली. नाले तुंबायला या पिशव्यांचाही हातभार होता. पुढे २०१८ साली महाराष्ट्र सरकारने त्यांच्यावर बंदी घातली. कापडी पिशवी परतली खरी, पण बहुधा विकतची. परवा वर्गात मी विचारले, “पिशवीला माया किती सोडावी?” मुले एकमेकांकडे पाहून हसू लागली.