ठाणे-बेलापूर पट्ट्यातला पाइप आणि त्याचा टेकू
नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची. त्याआधीच ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोसिलचा पेट्रोरसायन कारखाना सुरू झाला होता.

अशा कारखान्यातला गरम पाइप स्वस्थ बसत नाही. शंभर मीटरचा पोलादी पाइप दोनशे अंशांनी तापला की सुमारे २४ सेंटिमीटर वाढतो. म्हणून तो एका जागी अँकरने जखडायचा, पुढे गाइडमधून सरकू द्यायचा. सरकताना पाइपखाली जोडलेला शू (पोलादी पाय) टेकूच्या तुळईवर घासतो. घर्षणांक साधारण ०.३ धरतात, टेकूवर दहा टन भार असेल तर तीन टनांचा आडवा रेटाही येतो. तो सिव्हिलवाल्यांना कळवायलाच हवा.

टेकूकडे दुर्लक्ष किती महाग पडतं, ते १ जून १९७४ ला इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोच्या रसायन कारखान्यात दिसलं. दोन बेलोजमधला (लवचीक सांध्यांमधला) तात्पुरता पाइप, आराखडा वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने काढलेला, आधार नुसत्या मचाणाचा. तो निखळला, स्फोटात २८ माणसं गेली.

१९८० च्या दशकात पाइपमधले ताण मोजणारं सीझर-टू हे सॉफ्टवेअर आलं. आज नवी मुंबईतल्या कचेऱ्यांत पाइपचं मॉडेल पडद्यावरच तापवून बघतात. तापल्यावर पाइप टेकूवरून उचलला गेला, तर त्याचा भार शेजारच्या टेकूवर किंवा थेट पंपाच्या नोझलवर जातो. अशा जागी स्प्रिंग सपोर्ट लावतात.