अंबाडीची भाजी आणि शकुंतलेचे रूळ

दारव्ह्याहून यवतमाळकडे निघालो तेव्हा भाद्रपद लागला होता. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळे पडू लागले होते आणि मधून मधून पऱ्हाटी होती. ज्वारीचे शेत दिसले की गाडी थांबवायची, असे आम्ही ठरवले होते. लाडखेडपर्यंत गाडी एकदाही थांबली नाही.

रस्त्याच्या आसपास शकुंतलेचे रूळ आहेत, बरेचसे गवतात हरवलेले. मूर्तिजापूर ते यवतमाळ हा ११३ किलोमीटरचा, अडीच फुटी रुंदीचा मार्ग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कापसासाठी घातला गेला. मालकी किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी घराण्याच्या कंपनीकडे होती. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले तरी हा मार्ग खासगीच राहिला. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत ही गाडी ओढत होते. त्या इंजिनाबद्दल हौशी लोकांनी भरपूर लिहिले आहे. गाडी काय घेऊन जात होती हे त्यात असते, पण ती जिथून भरली जात होती त्या शेतांत काय पिकायचे थांबले, हे क्वचितच असते.

वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरची नजर या काळ्या जमिनीवर पडली. १८६७ मध्ये मुख्य रेल्वेमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचला. शकुंतला ही त्या मार्गाला मागाहून फुटलेली फांदी. मधल्या काळात, १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ पडले. लक्ष्मण सत्या यांचे ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’ हे पुस्तक कापसाची वाढ आणि ही उपासमार यांचा संबंध मांडते. रेल्वेने धान्य आणता येते, तसेच ते बाहेरही नेता येते. आणि धान्य बाजारात असले तरी ते घ्यायला गाठीला पैसा लागतोच.

तरीही त्या काळात ज्वारी शेतातून हद्दपार झाली नव्हती, कारण बैलांना कडबा लागत होता. कापसात तुरीचे तास, वेगळ्या तुकड्यावर ज्वारी, थोडा जवस आणि धुऱ्यावर अंबाडी, अशी मांडणी असे. अंबाडी भाजीसाठी होतीच, पण तिच्या वाखाचे दोर वळले जात. एकाच शेतात रोकड, अन्न, चारा, तेल आणि दोर.

यवतमाळमध्ये आम्ही फार थांबलो नाही. तिथल्या खाणावळीत रस्सा झणझणीत होता, पण तसा रस्सा आता पुण्यातही मिळतो. पुढे कळंबच्या रस्त्याला एका ओळखीच्या घरी जेवायचे ठरले होते. घरच्या मावशींनी भाकरी, ठेचा, जवसाची चटणी आणि अंबाडीची भाजी वाढली. पाला उकडून, पिळून, त्यात ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ शिजवून वर लसणाची फोडणी. पूर्वी फोडणीला जवसाचे तेल असायचे, आता पिशवीतले सोयाबीनचे. पहिल्या घासाला आंबटपणा जिभेच्या कडांना लागतो, मग कण्यांचा भरडपणा येतो.

जेवता जेवता माझ्या लक्षात आले की पुस्तकांत शोधत होतो ती शेताची मांडणी ताटात होती. धुऱ्यावरची अंबाडी, तुकड्यावरची ज्वारी, कपाशीतली तूर. फक्त तेल बदलले होते. ज्वारीही घरची नव्हती, ती बाजारातून आणली होती.

‘आता कोन पेरते अंबाडी?’ मावशी म्हणाल्या. ‘दोर तं नायलॉनचे आले. बैल इकले, मंग कडबा कोनासाठी पाह्यजे? जेवारी पेरली तं डुकरं ठेवत नाहीत.’

एवढ्या चार वाक्यांत त्यांनी जे सांगितले, त्याच्यावर एखादा प्रबंध व्हावा. १९९० नंतर सोयाबीन पसरले, २००२ पासून बीटी कापूस आला, ट्रॅक्टर आले. सोयाबीनचे तेल फोडणीला येते, पण शेतातले सोयाबीन थेट ताटात येत नाही, आणि कापूस तर कधीच येत नव्हता. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत यवतमाळ होताच. कर्ज आणि सिंचन यांची चर्चा तेव्हा खूप झाली. आपल्या शेताचे धान्य विकत घ्यावे लागणारा शेतकरी हा मुद्दा मात्र त्या मानाने मागेच राहिला, असे माझे मत आहे.

संध्याकाळी कळंबला पोचलो. चिंतामणीचे दर्शन जमिनीखाली पायऱ्या उतरून घ्यावे लागते, समोर कुंड आहे. ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये कळंबचे नाव येते, म्हणजे यवतमाळच्या आधी हे गाव मोठे होते. २०२४ साली वर्ध्याहून नवी रुंद रेल्वे इथपर्यंत आली आहे.

निघताना मावशींनी अंबाडीचे मूठभर बी कागदात बांधून दिले होते. त्यांच्या अंगणातल्या आठ-दहा झाडांचे, गेल्या वर्षीचे.